सात म्हणजे उदासीन

जांभळा उजेड पडद्यातून गळतो,
झोप लागत नाही, अशी तक्रार घेऊन
फ्राऊ हेरफुर्ट माझ्या दारात उभ्या,
पायात सपाता, गळ्यात दोरीला चष्मा.
लोबेडाच्या या काँक्रिटच्या इमारतीत
अकरा वर्षं आमची भिंत एक,
आणि बोलणं एवढंच
की जिन्यातल्या बर्फावर मीठ टाकायची पाळी कोणाची.

"कायद्यानं तीन चालतात," मी म्हणालो, दार अडवून.
"मोजता मलाही येतं," म्हणाल्या,
आणि सरळ आत, कपाटातल्या तंबूपुढं वाकल्या.

तीन रोपं. वीस दिवसांची. वीतभरसुद्धा नाहीत.
शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या,
कुणी रंग पुसून रेघा ठेवाव्यात तशी.
कडा करपलेल्या, कारण घाबरून मी
खत दिलं. मग पुन्हा खत. मग दुप्पट.

"उपाशी नाहीत ही.
ताट समोर आहे, दातखीळ बसलीये.
पाणी कुठलं?"
"नळाचं."
त्यांनी माझी किटली उघडली,
नखानं एक पांढरा पोपडा सोलला
आणि टेबलावर ठेवला, पुराव्यासारखा.
"येनाचे डोंगर चुनखडीचे. आपण डोंगरच पितो.
नाव काय तुझं?"
"यानेस टिटेल."
"म्हणजे बिरगिटचा. तिला मी रसायनात चार दिले होते."
(आमच्याकडे एक म्हणजे उत्तम.
चार कुणी घरी सांगत नाही.)

मोजायचं यंत्र नव्हतं. म्हणून लाल कोबी.
त्यांच्या फ्रीजमधला अर्धा गड्डा
चिरला, उकळला, गाळला
शाळेतून ढापलेल्या एका चंचुपात्रात.
त्यात नळाचं पाणी: जांभळ्याचा निळा झाला,
निळ्यात हिरव्याची चाहूल.
"आठ. जवळजवळ आठ.
सात म्हणजे उदासीन. पण यांना उदासीनही नको,
किंचित आंबट हवं. सहा, सव्वासहा.
आणि एक आकडा म्हणजे एक पायरी नव्हे, दहापट.
हे तुझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही."

मी लिंबू पिळलं. रंग गुलाबीकडं सरकला.
मी टाळी वाजवली.
"थांब."
त्यांनी कॉफी मागितली. दुसरा कप संपेतो
पाणी परत निळसर.
"चुना हट्टी असतो. एकदा सांगून ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानातून फॉस्फरिक आम्ल
आणि पेनाएवढं मापक.
"आम्ल पाण्यात. पाणी आम्लात कधीच नाही. म्हण."
म्हटलं.
एक थेंब. ढवळ. वाट बघ. मोज.
सात पॉइंट चार. थेंब. सहा पॉइंट नऊ.
घाईनं मी पिचकारीच दाबली: चार पॉइंट आठ.
त्या काही बोलल्या नाहीत.
बादली संडासात ओतायला लावली,
आणि पहिल्यापासून.

खत बंद. नुसतं पाणी,
तेही माती बोटभर सुकल्यावर.
रोज संध्याकाळी बेल वाजे. त्या वही घेऊन येत:
तारीख, आकडा, शेरा.
एका शेऱ्यात होतं: विद्यार्थी ऐकतो. वाट बघत नाही.

"तुम्हाला चालते ही वनस्पती?" विचारलं एकदा.
"नाही. पण चुकीचं पाणी त्याहून चालत नाही."

दहाव्या दिवशी शेंड्याला एक जोडी फुटली,
नखाएवढी, दातेरी, पूर्ण हिरवी.
मी खालची पिवळी दाखवली: ही कधी भरून येतील?
"येत नाहीत. गेलेलं पान गेलं. नव्याकडं बघ."
मग चष्मा पुसत, उगाच लांबवत,
"बिरगिट कशी आहे?"

बरी आहे, म्हणालो. ड्रेस्डेनला असते.
अजून स्वप्नात तुमची परीक्षा देते.

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.
सव्वासहा असेल.
मोजलं नाही.